निर्दोष माणसाची दुनाली

आमच्या कोलार रोडच्या कॉलनीतले ते निवृत्त फौजी एका बँकेच्या दारात दुनाली बंदूक घेऊन उभे असायचे. मूळचे ग्वाल्हेरचे, त्यामुळे वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि हिंदीत संपायचं. "या काकू, आज भीड कम है." म्हातारं माणूस दिसलं की बंदूक पाठीमागे घेऊन स्वतः दार उघडायचे.

शेजाऱ्यानं कुंपणाच्या भांडणात त्यांच्यावर मारहाणीची खोटी केस टाकली. कोर्टानं निर्दोष सोडलं, तरी बंदुकीच्या लायसन्सचं नूतनीकरण अडलं. मी त्यांच्याबरोबर कचेरीत गेले.

"कोर्ट ने बरी किया है, साहब," ते म्हणाले.

"लेकिन केस तो हुआ था न?" बाबूनं विचारलं.

"मग कोर्ट कशाला ठेवलंय?" मी ओरडले. बाबूनं पुढच्या माणसाला हाक मारली.

बंदूक ठाण्यात जमा करावी लागली आणि नोकरी गेली. देण्याआधी त्यांनी ती रुमालानं पुसली. शिपायाला म्हणाले, "तेल देत राहा भाई, जंग लग जाएगा."

परवा शेजाऱ्याच्या मुलाची वरात निघाली. शेजारी लायसन्सचं पिस्तूल हवेत झाडत नाचत होता, आसपास पोरं होती. मी संतापून फौजींकडे पाहिलं. ते फाटकाशी शांत उभे होते.

"त्याच्यावर कधी केसच नाही झाली, काकू," ते म्हणाले. "उसका रिकॉर्ड साफ है."