तुझ्यामागं कोण?

सुशीलाअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात मीटिंगमध्ये बसले होते, आणि माझ्या पाठीमागे कुणीतरी उभं आहे असं मला सारखं वाटत होतं. दोनदा मान वळवून पाहिलं. मागे काचेची भिंत होती आणि पाण्याचा मोठा जार. तिसऱ्यांदा वळणार एवढ्यात फोन थरथरला. अक्कांचा भाचा, प्रभाकर. "ताई, अक्का गेली. सकाळी चहा मागितलान् तिनं, मी घेऊन येतोय तर..." मी "निघते" म्हटलं आणि लिफ्टपाशी जाऊन उभी राहिले. लाजेची गोष्ट अशी की रडू यायच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं. का वाटलं, ते सांगायलाच हे लिहिते आहे. अक्कांविषयी चांगलं लिहिणारे पुष्कळ निघतील. मी त्यांच्याशी दोन वर्षं खोटं बोलत होते, ते मात्र मलाच लिहायला हवं.

अक्का मूळच्या खानापूरकडच्या. बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर तिथल्याच एका गल्लीत दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहिल्या. मी पुण्याहून बंगळूरला नोकरीसाठी आले, रविवारच्या मराठी उपासनेला जायला लागले, तिथं त्यांनी मला गाठलं. "पुण्याची काय गं तू? गाणं बरं म्हणतीस. शनिवारी सकाळी सातला ये की घरी. उपाशीच ये, उप्पीट करते." मी भाबडेपणानं उप्पीट खायला गेले. उप्पीट मिळालं, चांगलं लिंबू पिळून मिळालं, पण ताटली उचलल्यावर त्यांनी दोन खुर्च्या समोरासमोर ओढल्या आणि माझी सुटका पुढची सहा वर्षं झाली नाही.

त्या खुर्च्यांची मांडणी ठरलेली असायची. अक्कांच्या मागे भिंत, भिंतीवर चर्चचं कॅलेंडर. माझ्या मागे दार, आणि ते दार त्या नेहमी अर्धं उघडं ठेवायच्या. पावसात ठेवायच्या, डास येत असले तरी ठेवायच्या. "असू दे गं स्वल्प उघडं," एवढंच कारण. मग प्रार्थना, मग तीन प्रश्न. या आठवड्यात काय वाचलंस? काय लपवलंस? आणि तुझ्यामागं कोण? पहिल्या शनिवारी हा तिसरा प्रश्न आला तेव्हा मी चटकन मागे वळून पाहिलं. पुण्यात आम्ही 'मागे' म्हणतो आणि मागे म्हणजे मागेच. दारात कुणी नव्हतं. दुसरं कुणी असतं तर हसलं असतं. अक्का हसल्या नाहीत. त्यांनीही माझ्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाल्या, "अजून नाही आलं वाटतं कुणी."

त्यांचं म्हणणं साधं होतं. तुला विश्वासात कुणीतरी हात धरून चालवलं, आता तू कुणाचा तरी हात धर. जे मिळालं ते एकानं दुसऱ्याला द्यायचं, घरात झाकून ठेवलं की ते शिळं होतं. मी ऐटीत सांगितलं, "अक्का, ऑफिसात माझ्या हाताखाली चौदा माणसं आहेत." "हाताखालची नकोत मला," त्या म्हणाल्या, "मागं कोण ते विचारलं. हाताखालचा माणूस पगारासाठी थांबतो. मागचा तुझं चालणं बघतो, आणि तू चुकलीस की तोपण चुकतो." मला नेमकी त्याचीच भीती होती. चार माणसांसमोर बायबल अभ्यास घे म्हटलं तर मी छान घेत असे, स्लाइडसुद्धा करत असे. पण कुणी एकानं आठवड्यामागून आठवडे समोर बसून माझं चालणं न्याहाळायचं... नको रे बाबा. अक्कांकडे एक निळी वही होती. ज्यांना ज्यांना त्यांनी घडवलं त्यांची नावं, आणि प्रत्येकाच्या नावाखाली त्याच्यामागं कोण, ते. दुसऱ्यांच्या नावांखाली दोन-दोन, तीन-तीन नावं होती. माझ्या नावाखाली चार वर्षं कोरा कागद होता आणि त्या रोज त्या कोऱ्या कागदावर हात ठेवून प्रार्थना करत होत्या, हे मला माहीत होतं.

एका शनिवारी मला ते सहन झालं नाही. "तुझ्यामागं कोण?" अक्कांनी विचारलं, आणि मी म्हणाले, "आहे एक मुलगी." "नाव काय?" नाव! माझी नजर त्यांच्या डोक्यावरून भिंतीवर गेली. कॅलेंडरवर वरती ठसठशीत लाल अक्षरात छापलं होतं, सुवार्ता. "सुवार्ता," मी म्हणाले. तसं आमच्यात मुलींचं हे नाव असतंही, अगदीच काही अशक्य नाही. मग तोंडाची सुटलेली गाडी थांबेना. यशवंतपूरला राहते, आयटीतली नाही, शिलाईच्या कारखान्यात कामाला आहे, तिची शिफ्ट असते म्हणून इथं आणता येत नाही. अक्कांनी शांतपणे ऐकलं. "सरी," म्हणाल्या, कानडीतलं 'बरं', "लिहून ठेवते." पुढच्या शनिवारी गेले तर भिंतीवर कॅलेंडर नव्हतं, नुसता खिळा होता. मी विचारलं तर म्हणाल्या, "जुनं झालेलं." तेव्हा जून महिना चालू होता.

त्यानंतर दोन वर्षं आम्ही दोघी सुवार्ताला वाढवत होतो. मी दर आठवड्याला थोडं थोडं रचायची. तिला घरची आठवण येते, हॉस्टेलची वॉर्डन कडक आहे, हल्ली ती उपासनेला येत नाही म्हणते. आणि मागोमाग त्यांचा दुसरा प्रश्न असे, काय लपवलंस, तेव्हा मी ऑफिसातली एखादी चिल्लर चूक काढून देई. अक्का मान डोलवायच्या. पण हळूहळू मी न सांगितलेल्या गोष्टी त्या सांगायला लागल्या. एकदा म्हणाल्या, "डावखुरी आहे ना ती, मशीनवर त्रास होत असणार तिला." मी सुवार्ताला डावखुरी केलं नव्हतं. मला वाटलं, वय झालं, दुसऱ्या कुणाशी घोळ होतोय. मग एकदा प्रार्थनेच्या मध्येच त्या थांबल्या, डोळे उघडले आणि म्हणाल्या, "आज रडालीय बघ ती." स्वच्छ सकाळ होती, खाली कोथिंबीरवाला ओरडत होता, उप्पीटाचा वास येत होता, आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. माझ्या पाठीमागचं दार जरासं हललं. वाऱ्यानंच हललं असणार. मी वळून पाहिलं नाही. तेव्हापासून मला ती सवय लागली, कुठंही बसले तरी मागे कुणीतरी आहे असं वाटायचं... मेट्रोत, लिफ्टमध्ये, मीटिंगमध्ये.

शेवटची भेट त्या गेल्या त्याच्या आदल्या शनिवारची. त्या पलंगावर होत्या, खुर्चीत बसवत नव्हतं. मी ठरवून गेले होते, आज सांगून टाकायचं. हात हातात घेतला, "अक्का, ती सुवार्ता..." एवढंच म्हणाले. त्यांनी माझ्या मागे दाराकडे पाहिलं. "येईल गं ती," म्हणाल्या, "मी नसताना येईल. तू घरात अस म्हणजे झालं." आणि डोळे मिटले. माझं तोंड परत उघडलं नाही. भित्री आहे मी, दुसरं काय.

दफनाच्या दिवशी चर्चच्या पाळकसाहेबांनी ती निळी वही आणली. अक्कांची इच्छा होती म्हणे, वहीतली नावं वाचायची आणि ज्याचं नाव त्यानं पुढं येऊन मूठमाती द्यायची, आधी तो, मग त्याच्यामागचे. माणसं येत होती, माती पडत होती, त्यांची मागची माणसं येत होती, काही तर नुसती पोरसवदा. मग माझं नाव आलं. मी मूठ टाकली आणि तिथंच उभी राहिले. साहेबांनी वाचलं, "यांच्यामागं, सुवार्ता." कुणी पुढं आलं नाही. त्यांनी चष्मा सारखा केला आणि मोठ्यानं, अगदी हाक मारावी तसं, पुन्हा म्हटलं, "सुवार्ता!" सगळ्यांनी माना वळवल्या. तो क्षण माझा होता, तिथं बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "तिला सुट्टी नाही मिळाली." उघड्या कबरीच्या काठावर उभी राहून, अक्का समोर असताना.

त्यानंतरच्या तिसऱ्या शनिवारी प्रभाकरनं बोलावलं. घर मालकाला परत द्यायचं होतं, पुस्तकं कुणाला द्यायची ते मी बघावं असं त्याला वाटलं. किल्ली माझ्याकडे देऊन तो खोके आणायला चिकपेटला गेला. सवयीनं मी सातलाच पोचले होते. खुर्च्या तशाच समोरासमोर होत्या. मी माझ्या खुर्चीत बसले, आणि हे आठवून आजही मला कसंतरी होतं, पण दार मी लावलं होतं की अर्धं उघडं ठेवलं होतं ते मला सांगता येत नाही. मागून आवाज आला, "सुशीलाअक्कांचं घर हेच काय?"

मी वळले. दारात वीस-बावीस वर्षांची मुलगी उभी होती, खांद्याला कपड्यांची पिशवी. मी सांगितलं, अक्का गेल्या. "ठाऊक आहे," ती म्हणाली, "माझ्या खोलीतली मुलगी आलेली मातीला. ती म्हणाली, तिथं तुझं नाव पुकारलं, दोनदा, आणि तू गेली नाहीस. मी म्हटलं मला तिथं कोण ओळखणार? पण तेव्हापास्नं झोपच लागंना. आज मी गाव धरणार होते, कारखाना सोडून. म्हटलं आधी विचारून जावं, माझं नाव कुणी घेतलं." "कुठला कारखाना?" मी विचारलं. "यशवंतपूरला. शिलाईचा." नाव विचारायची गरज नव्हती. तिनं पिशवी खाली ठेवली, डाव्या हातानं.

तिला मी अक्कांच्या खुर्चीत बसवलं आणि सगळं सांगितलं. अगदी सगळं, कॅलेंडरपासून कबरीपर्यंत. सहा वर्षांत त्या दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर मी पहिल्यांदा देत होते, तेही अनोळखी पोरीला. मला वाटलं ती चिडेल, निदान घाबरून उठेल. ती उठली नाही. मग म्हणाली, "म्हणजे दोन वर्षं त्या रोज माझं नाव घ्यायच्या?" "तुझं नाही... म्हणजे, मी बनवलेलं." "पण घ्यायच्या ना?" "हो." तिनं ओढणीनं डोळे पुसले. "घरात माझं नाव कुणीच घेत नाही ओ ताई," ती म्हणाली, "सगळे डावरी म्हणतात."

साहेबांनी परत दिलेली वही टेबलावर होती. तिनं आपलं नाव बघायला मागितलं म्हणून मी पान काढलं, सुवार्ताचं नाव सांगितल्यापासून ते मी एकदाही पाहिलं नव्हतं. वर अक्कांच्या गोल अक्षरात माझं नाव, संजीवनी. त्याखालचं नाव हातानं लिहिलेलं नव्हतं. लाल, ठसठशीत, छापील. कॅलेंडरवरून नीट कापून भाताच्या शितानं चिकटवलेलं. कॅलेंडर कपाटात पुस्तकांमागे गुंडाळून ठेवलेलं सापडलं, वरती शब्दाच्या आकाराची चौकोनी खिडकी. म्हणजे अक्कांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांनी मला पकडलं नाही, सोडलंही नाही. माझं खोटं कापून घेतलं आणि खरं होईपर्यंत त्यावर हात ठेवून बसल्या. त्या घरात त्या दिवशी मी ओक्साबोक्शी रडले, आणि जिला मी रचलं होतं ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती.

सुवार्ता गावाला गेली नाही. आता दर शनिवारी सातला ती माझ्या घरी येते. उप्पीट माझं अक्कांसारखं होत नाही, ती खाते बिचारी. त्या दोन खुर्च्या आणि ती वही मी आणल्या आहेत. माझ्या मागच्या भिंतीवर ते दोन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर आहे, त्याच्या खिडकीतून भिंत दिसते. तिच्या मागे दार. ते मी अर्धं उघडं ठेवते. पहिले दोन प्रश्न मी लगेच विचारायला लागले होते, तिसऱ्यासाठी मात्र धीर होत नव्हता. गेल्या शनिवारी विचारला. "तुझ्यामागं कोण?" तिनं वळून दाराकडे पाहिलं, मीही पाहिलं. मग ती माझ्याकडे वळली, तिची नजर माझ्या डोक्यावरून भिंतीवर गेली, क्षणभर तिथंच राहिली, आणि ती जरा घाईनंच म्हणाली, "आहे एक. करुणा."

कॅलेंडरच्या तळाशी अगदी बारीक अक्षरात छापलं आहे, करुणा मुद्रणालय. मी म्हणाले, "सरी. लिहून ठेवते." ती गेल्यावर मी कॅलेंडर खिळ्यावरून उतरवलं, वहीतलं तिच्यासाठी काढलेलं पान उघडलं, आणि कात्री शोधायला उठले.