डाव्या हाताची कानस

चांदीकाम करणाऱ्या त्या गृहस्थांना सगळी गल्ली ‘शंभर नंबरी’ म्हणायची आणि त्यांना ते आवडायचं. दुकानात आजोबांचा फोटो होता, फोटोखाली पाटी: ‘तीन पिढ्यांचा सचोटीचा व्यवहार’. गिऱ्हाइकाचं पाटीकडे लक्ष गेलं नाही, तर ते स्वतः वाचून दाखवत.

जुनी चांदीची नाणी त्यांच्याकडे मोडीत येत. नाणं दगडावर टाकायचं, आवाज ऐकायचा, की थेट मुशीत. त्यावरच्या राजाकडे ते पाहत, ते फक्त नावं ठेवायला.

“आधी नाण्यात जवळपास सगळी चांदीच होती. मग लढाई आली, खजिना आटला, आणि सरकारने अर्धी चांदी काढून घेतली. राजा तोच, मुकुट तोच. पुढे तर औषधालाही चांदी उरली नाही. हेच मी केलं असतं तर खडी फोडायला गेलो असतो.”

हे ऐकून घेणारे हक्काचे श्रोते म्हणजे समोरचे दातांचे डॉक्टर. त्यांना नाण्यांचं वेड. मोडीतलं एखादं नाणं भिंगातून आवडलं, की चांदीच्या भावापेक्षा चार पैसे जास्त देऊन नेत. एका सकाळी त्यांनी खोट्या नाण्यांचा डबा उपसला आणि एक नाणं उचललं.

“हे द्या मला.”

“अहो, ते बद्द वाजतं. आत शिसं आहे, वर नुसता मुलामा.”

“म्हणूनच हवंय. खऱ्याच्या दहापट देतो.”

“सकाळी सकाळी थट्टा करू नका.”

“खरी नाणी टांकसाळीने लाखांनी पाडली. हे खोटं करणारा मात्र एकटा बसून ओतायचा, त्या लढाईच्या दिवसांत, इथेच कुठेतरी. कोण ते कुणाला ठाऊक नाही, पण हात ओळखू येतो. कडेच्या रेघा उलट्या कलल्यात, बघा. कानस डाव्या हातात धरायचा.”

शंभर नंबरींनी भिंग लावलं. प्रत्येक रेघेच्या शेवटी कानस अलगद उचललेली होती. घरातल्या प्रत्येक वाटीच्या काठावर हीच उचल होती. सगळ्या वाट्या आजोबांनी घडवलेल्या.

चहा घेऊन आलेली बायको खांद्यावरून डोकावली. “अहो, तुमचे आजोबा डावरेच होते ना...”

“चहात साखर कमी आहे,” ते म्हणाले. कप अजून तिच्याच हातात होता.

डॉक्टरांच्या कानावर गेलेली गोष्ट गावभर व्हायला दिवस पुरत असे. त्यांच्या खुर्चीतला माणूस आ वासून पडलेला. पुरे म्हणायचं तरी कसं? आणि तिथे आजोबांचं नाव निघालं, तर दुकानाची अब्रू धुळीला.

“विकायचं नाही,” शंभर नंबरी म्हणाले आणि चिमटा उचलला. “वितळवून टाकतो. खोट्याला इथे थारा नाही.”

डॉक्टरांनी खूप विनवलं. मग वैतागून म्हणाले, “जाऊ द्या. माणूस तसा कच्चाच होता. राजाचं नाक बघा, साफ चुकलंय. कोणीतरी कल्हईवाला असणार.”

चिमटा मुशीवर थांबला.

“कल्हईवाला?”

“नाहीतर डबे जोडणारा.”

“डॉक्टर, इतका पातळ मुलामा इतकी वर्षं टिकवून दाखवा, मग बोला. आणि नाक टांकसाळीचंच वाकडं होतं. आजोबांनी ते सरळ केलंय.”

डॉक्टरांनी नाण्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं.

“बसा डॉक्टर,” बायको म्हणाली. “आता कारागिराचं नावही मिळालं. दहापटीत कसं भागेल?”

भावाची घासाघीस डॉक्टरांच्या पहिल्या पेशंटला तिष्ठत ठेवूनच संपली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. दुसऱ्या दिवशी दुकानापुढे रांग लागली. जो तो घरातलं जुनं नाणं मुठीत धरून आलेला. शंभर नंबरी ते दगडावर टाकत, नाणं खणखणीत वाजे, आणि ज्याचं त्याचं तोंड एवढंसं होई.

“नाराज होऊ नका,” ते हळूच म्हणत. “प्रत्येकाच्या नशिबी खोटं नसतं.”