सासूबाईंचं बटण

माझ्या सासूबाईंच्या फोनचं बटण बिघडलं आणि आमच्या घरातली दुपार बंद पडली. हे वाचून कुणाला हसू आलं तर त्याने खुशाल हसावं. मलाही आधी आलं होतं.

सासूबाईंनी ऐंशी कधीच ओलांडली आहे. नजरेचा मधला भाग गेलाय, कडेकडेचं तेवढं दिसतं. समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, पण साडीचा काठ मात्र बरोबर दिसतो. सासरे गेल्यावर त्या सांगलीहून आमच्याकडे दिल्लीला आल्या. आम्ही दोघं नवराबायको केंद्र सरकारच्या नोकरीत, मुलगी कॉलेजात. सकाळी सगळे बाहेर पडलो की सरकारी क्वार्टरमध्ये त्या एकट्या उरतात. शेजारी एकीकडे पंजाबी कुटुंब, दुसरीकडे मल्याळी. माणसं भली आहेत, पण सून आमटीत गूळ घालायला विसरते हे दुःख त्यांना हिंदीत कसं समजावणार?

ते त्या सांगलीला धाकट्या बहिणीला सांगत. रोज दुपारी जेवण झालं की दोघींचा फोन. मी कधी रजा घेऊन घरी असले की त्यांचा आवाज मध्येच खाली यायचा, त्यावरून विषय मीच आहे हे कळायचं. मला त्याचं काही वाटत नाही. ज्या बाईला सुनेबद्दल मनसोक्त बोलायला जागा नाही ती बाई आजारी पडते, असं माझं स्पष्ट मत आहे. मीही ऑफिसात डबा खाताना सासूबद्दल बोलतेच की.

तर हा सगळा कारभार त्या एका बटणावर चालायचा. जुना फोन, काचेच्या खाली मधोमध एक गोल बटण. बोटाला लागतं, दाबलं की टक् होतं. माझ्या मुलीने आजीला शिकवलं होतं की बटण दाबून धरायचं, फोन टुणकन वाजला की बोलायचं. फोनला मराठी झेपत नव्हती, ‘धाकटी’ म्हटलं की तो गप्प बसायचा. म्हणून सांगलीच्या बहिणीचं नाव फोनमध्ये ‘छोटी’ ठेवलं. सासूबाई करड्या आवाजात हुकूम सोडायच्या, “छोटी को फोन लगाव!” आणि छोटी, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, पलीकडे हजर व्हायची.

पावसाळ्यापासून बटण रुसायला लागलं. चारदा दाबलं की एकदा चालायचं. दिवाळीच्या सुमाराला तेही थांबलं. सांगलीहून फोन आला तरी तो काचेवर कुठे बोट फिरवून उचलायचा ते सासूबाईंना दिसायचं नाही. मी माझ्या फोनवरून बहिणीला लावून दिलं, तर सासूबाई पाहुण्यांशी बोलावं तशा बोलल्या, “मी बरी आहे. तू बरी आहेस ना? बरं, ठेवते.” संपलं. मी तिथेच उभी होते ना. नंतर त्यांनी माझा फोन मागितलाच नाही. दुपारी आडव्या पडून राहायला लागल्या. जेवण अर्धं व्हायला लागलं. विचारलं तर “भूक नाही ग” एवढंच.

“आई, यार, नवीन फोन घे ना आजीला,” मुलगी म्हणाली. तिनेच मग शोधायला बसल्यावर दुसरी बातमी आणली. कंपनीने स्वतः कबूल केलं होतं की त्या वेळच्या काही फोनांची बटणं मुळातच सदोष आहेत आणि ती कंपनी फुकट बदलून देणार आहे. आपल्या फोनचा सिरियल नंबर टाकायचा, तो यादीत बसला की झालं. आमचा बसला. मुलीने तपासला तरी मी पुन्हा तपासला. दुसऱ्याने तपासलंय म्हणून डोळे मिटून सही ठोकायची नाही, हे मी नोकरीत फार लवकर शिकले आहे.

शनिवारी मी मेट्रोने गुरुग्रामला गेले. काचेच्या उंच इमारतीत तळमजल्यावर सर्व्हिस सेंटर, आत थंडगार हवा आणि टोकन घेऊन बसलेली माणसं. माझी पाळी आल्यावर काउंटरवरच्या गृहस्थांनी फोन घेतला, नंबर टाकला, मान डोलावली. मग हेडफोन खुपसायच्या भोकात बारीक टॉर्च मारली आणि फोन माझ्याकडे वळवला.

“मॅडम, ये देखिए. लाल.”

त्यांनी समजावून सांगितलं ते असं की त्या भोकाच्या तळाशी एक पांढरा ठिपका असतो. आत पाणी गेलं की तो लाल होतो. फोनला पाणी लागलं की कंपनीची फुकट दुरुस्ती रद्द. मी वाकून पाहिलं. तळाशी खरंच लालभडक दिसत होतं. मी भांडायच्या तयारीने गेले होते, पण डोळ्यांना दिसतं त्याच्याशी कसं भांडायचं? ते गृहस्थ म्हणाले की जुना फोन देऊन नवा घ्या, ऑफर चालू आहे. नवा फोन दाखवला. सुंदर होता. त्याला बटणच नव्हतं, पुढून नुसती गुळगुळीत काच.

घरी आले ती चिडून. नवरा म्हणाला, “आईच्या हातून पडला असेल कधी बादलीत, तिला दिसत नाही ना.” तो हळू बोलला होता, पण सासूबाईंचे कान शाबूत आहेत. त्या आतून भिंतीचा आधार घेत बाहेर आल्या.

“माझी नजर गेलीय, अक्कल नाही गेली,” त्या म्हणाल्या. “विजेच्या वस्तूला पाणी लावायचं नाही एवढं मला कळतं. खंडेनवमीला सगळ्यांवर फुलाने पाणी शिंपडलं, विळीवर, कात्रीवर, तुझ्या स्कूटरवर. फोनला थेंब नाही लावला. त्याला नुसतं कोरडं हळदकुंकू वाहिलं.”

आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, घरातली हत्यारं पाटावर मांडून पुजतात. ज्याच्यावर आपलं काम चालतं ते हत्यार. सासूबाईंच्या हिशेबात त्यात फोनही येतो, आणि ते मला पटतं. मी विचारलं, “आई, कुंकू किती वाहिलंत?”

“चांगलं चिमूटभर. दोनदा. बटण चालत नव्हतं ना, म्हणून त्याला जरा जास्त.”

मी उठून फोन आणला. बटणाच्या शेजारीच खालच्या कडेला ते भोक. ज्याला नीट दिसत नाही अशा माणसाने बटणावर मनापासून कुंकू सोडलं तर ते कुठे जाईल? मी पांढऱ्या रुमालावर फोन आपटणार होते, पण थांबले. इथे घरात झटकलं तर उद्या ते गृहस्थ म्हणणार की तुम्ही आत काहीतरी केलंत. जे काय निघायचं ते त्यांच्या डोळ्यांदेखत निघू दे.

“मीपण येणार,” सासूबाई म्हणाल्या. “माझ्यावर आळ आलाय.”

रविवारी सेंटर उघडं होतं. आम्ही टॅक्सीने गेलो. सासूबाईंनी ठेवणीतली इरकली नेसली होती, वर शाल. काउंटरवर तेच गृहस्थ होते. मला पाहून त्यांचा चेहरा पडला. सासूबाईंना पाहून ते उठून उभे राहिले, त्यांच्यासाठी खुर्ची मागवली, आणि लगेच म्हणाले, “माताजी, नया फोन ले लीजिए. बडी स्क्रीन है.”

“उसको बटन है क्या?” सासूबाईंनी विचारलं.

“नहीं माताजी, सब टच है.”

“फिर हमको नको.”

आजूबाजूचे दोनचार लोक हसले. मी माझा मुद्दा मांडला. हिंदीत मांडला, पण आवाज आमच्या सेक्शनमध्ये लावते तो. फोनला पाणी लागलेलं नाही. आत दिसतंय ते कुंकू आहे, कोरडं. झटकून बघा. ते गृहस्थ दमलेल्या आवाजात म्हणाले, “मॅडम, फोन में कुंकुम कौन डालता है?”

आणि नेमकी त्याच वेळी माझी नजर काउंटरवरच्या कार्ड घासायच्या मशीनवर गेली. दिवाळीला पूजा केली असणार. मशीनच्या कपाळावर रोलीने, म्हणजे इकडच्या कुंकवानेच, काढलेलं ठसठशीत लाल स्वस्तिक होतं. मागच्या प्रिंटरवरही होतं. बिल करायच्या कंप्युटरवर तर लाल टिळा आणि त्यात चिकटलेला तांदळाचा दाणासुद्धा होता.

“तुम्ही घालता,” मी मशीनकडे बोट दाखवलं. “आप भी तो डालते हैं. इस मशीन में भी पानी गया है क्या?”

आता मात्र अख्खं सेंटर हसलं. टोकन घेतलेले एक सरदारजी उठून जवळच आले आणि म्हणाले, “बिल्कुल सही बात है जी, झाड के देखो.” दोन बायका त्यांच्यामागे येऊन उभ्या राहिल्या. काउंटरवरच्या गृहस्थांचे कान लाल झाले, पण माणूस प्रामाणिक निघाला. त्यांनी आतून दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने मऊ कुंचला आणला, काउंटरवर पांढरा कागद अंथरला, फोन उलटा धरला आणि भोकात कुंचला फिरवला.

कागदावर कुंकू पडलं. चिमूटभर, मग अजून थोडं. मागून हळदही आली. कुणीतरी टाळी वाजवली. मग टॉर्च मारली. ठिपका पांढराशुभ्र होता. मला सगळ्यांत आधी तो दाखवला, मग सरदारजींनी पाहिला, मग त्या बायकांनी. सासूबाईंना तो दिसणार नव्हता. त्यांनी फक्त विचारलं, “काय ग?”

“पांढरा आहे आई. पाण्याचा थेंबही लागलेला नाही.”

सासूबाईंनी शाल सारखी केली आणि खुर्चीत ताठ बसल्या. परीक्षेत पहिली आलेली मुलगी बसते तशा. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

गृहस्थांनी शेवटचा एक प्रयत्न केला. कुंकवानेच बटण अडकलं असेल तर? मी म्हटलं, बटण पावसाळ्यापासून रुसलंय आणि नवमी नंतर आली. आणि तुमच्याच कंपनीने लिहिलंय की ही बटणं जन्मतःच अधू आहेत. दुरुस्तीवाला हसून म्हणाला की कुंकू बटणापर्यंत गेलेलंच नाही, आणि फोन घेऊन आत गेला.

आम्ही बसून राहिलो. सरदारजींनी जाताना सासूबाईंना वाकून नमस्कार केला. त्या हात वर करून मराठीतच म्हणाल्या, “सुखी राहा.” बऱ्याच वेळाने फोन बाहेर आला. गृहस्थांनी तो दोन्ही हातांनी सासूबाईंच्या हातात ठेवला. त्यांनी अंगठ्याने काच चाचपली, कड चाचपली, बटण सापडलं. दाबलं.

टक्.

पुन्हा दाबलं. टक्. टक्. टक्. एक पैसा न देता, नवीन फोन न घेता, आमचाच फोन आणि त्याला नवं कोरं बटण. मी जिंकले होते, आणि मला ते लपवायचंही नव्हतं. बाहेर पडताना मी त्या कार्ड मशीनकडे बघून मान हलवली.

टॅक्सीत म्हटलं, “लावा ना आई फोन सांगलीला.” तर म्हणाल्या, “ड्रायव्हरसमोर? काहीतरीच.” घरी येईपर्यंत फोन पदराखाली घट्ट धरून बसल्या होत्या. जेवायलाही थांबल्या नाहीत. मी पाण्याचा तांब्या ठेवायला त्यांच्या खोलीत गेले तेवढ्यात त्यांनी बटण दाबून हुकूम सोडला. फोन पहिल्याच घंटेला उचलला गेला. आवाज मोठा ठेवलेला असतो, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

“ताई?” सांगलीहून घाबरा आवाज आला. “ताई, तूच का?”

“मग कोण असणार?”

पलीकडे रडू फुटलं. “इतके दिवस मला सगळे सांगतायत, बटण बिघडलंय, बटण बिघडलंय. बटणासाठी कुणी इतके दिवस गप्प बसतं का? मला वाटलं, लपवतायत माझ्यापासून. आणि त्या दिवशी तुझ्या सुनेच्या फोनवरून तू ‘मी बरी आहे’ म्हणालीस ना, तेव्हा तर खात्रीच झाली. तू आयुष्यात कधी मला बरी आहे म्हणालेली नाहीस.”

मी तांब्या हातात घेऊन तशीच उभी. मला आमच्याच घरातली दुपार दिसत होती. सांगलीतल्या दुपारचा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता.

सासूबाईंचेही डोळे भरले होते. पण त्यांनी खाकरून आवाज नेहमीचा केला. “रडू नकोस. कंबर दुखतेय, गुडघा दुखतोय, रात्री झोप नाही, आणि कालची आमटी नुसतं पाणी होती. झालं समाधान?”

पलीकडून रडता रडता हसू आलं. “झालं. अजून सांग.”

“सांगते,” सासूबाई म्हणाल्या. मग माझ्या साडीचा काठ त्यांना दिसला असावा. त्यांनी फोनवर हात ठेवला आणि मान माझ्या दिशेला वळवली.

“तू अजून इथेच आहेस? जा बघू. आणि दार ओढून घे.”

मी दार ओढून घेतलं.