नाकातून निघणारा म

थंडी कशासाठी पडते, असं आमच्या जैनथ गावात कोणालाही विचारा, हरभऱ्यासाठी हेच उत्तर मिळेल. माझ्या आत्याला ते मान्य नाही. तिच्या मते देवाने थंडी निव्वळ पोरांना अक्षरं शिकवायला काढली आहे. मास्तरकीतून रिटायर होऊन तिला बरीच वर्षं झाली, पण थंडी पडली की बायका भल्या सकाळी कापूस वेचायला निघत आणि जाताना आपापली पोरं तिच्या अंगणात सोडत. मग पाटी नाही, पुस्तक नाही. कानटोपी घातलेली आत्या आणि धुक्यात नुसत्या टोप्या दिसणारी दहा-बारा पोरं. "अक्षर आयकाचं नसते, पाहाचं असते," ती म्हणे, आणि तोंडातून निघणारी वाफ दाखवी. फ म्हटला की भसकन एक गोळा. हा म्हटलं की लांबलचक शेपूट. म म्हटला की तोंड बंद आणि वाफ दोन्ही नाकपुड्यांतून, गाडीला जुंपलेल्या बैलासारखी. ऊन आलं की वाफ संपे, आणि शाळाही सुटे.

तिचे बाकीचे प्रकारही असेच. ज्या अक्षराचा दिवस, त्या अक्षराची वस्तू पोरांनी शोधून आणायची. ब च्या दिवशी बोरं येत, ह च्या दिवशी हरभरा, आणि धडा सुरू व्हायच्या आत दोन्ही अक्षरं खाऊन संपत. "पोटात गेलं म्हंजे मुरलं," असं म्हणून आत्या स्वतःही मूठभर खाई. आदिलाबादची पहिली बस आली की दवाने भरलेल्या तिच्या काचेवर पोरं बोटाने अक्षरं काढत. ड्रायव्हर हॉर्न वाजवी. "थांब बाप्पू, पोरायचा फ अर्धाच झाला," आत्या सांगे, आणि तो बिचारा थांबे, कारण लहानपणी त्याचाही फ तिनेच गिरवून घेतला होता.

माझी रेवा तेव्हा साडेपाच वर्षांची होती. घरात तोंडाचा पट्टा चालू, पण उंबऱ्याबाहेर एक शब्द नाही. आदिलाबादच्या शाळेने सांगितलं, बोलली नाही तर जूनमध्ये पहिलीत घेणार नाही. माझी झोप उडाली. मी तिला आत्याकडे नेऊन ठेवलं आणि बँकेतून रजा मिळेल तेव्हा जाऊन विचारत राहिलो, बोलली का?

"तिले घाई नाही, तुले काऊन घाई? पाहून राह्यली ना थे."

रेवा खरंच नुसती पाहत असे. दुसऱ्यांच्या तोंडातून निघालेली वाफ विरेपर्यंत पाहत असे.

एका सकाळी मी तिथेच होतो. आत्या अंगणात आली, गळ्याला मफलर, हातानेच खूण केली की घसा बसला. तिने तोंड घट्ट मिटलं आणि नाकातून दोन पांढऱ्या रेघा सोडल्या. पोरं एकमेकांकडे पाहू लागली. आणि मागून, स्पष्ट, माझ्या लेकीचा आवाज आला, "म."

पुढे तासभर रेवाच आत्याचा आवाज झाली. मी ओट्यावर तोंड फिरवून रडून घेतलं. दुपारी आत्याने गल्लीच्या टोकाच्या भाजीवाल्याला खणखणीत हाक मारली. मी तिच्या मफलरकडे पाहिलं. "काढ्याचा गुण आला," ती म्हणाली.

याला चार हिवाळे झाले. आता रेवा वर्गात फार बोलते म्हणून डायरीत तक्रारी येतात. आत्याच्या अंगणात पोरं येत नाहीत, व्हॅन त्यांना दारातूनच शाळेत नेते. आत्याचे कानही गेले. ऐकायचं मशीन ती कपाटातून काढत नाही.

परवा आम्ही दोघं गेलो. धुकं होतं, आत्या एकटीच अंगणात बसलेली. रेवा कायकाय सांगू लागली, पण तिकडे काहीच पोचेना. रेवा थांबली, आत्यासमोर बसली, तोंड मिटलं आणि नाकातून वाफ सोडली.

"म," आत्या म्हणाली. मग तिने रेवाची टोपी कानांवर नीट ओढली आणि तिला जवळ घेतलं.

"बोलून घे व पोरी, ऊन यायच्या आंधी."