बंडल कापायचं नाही

आमच्याकडे इलेक्ट्रिक गाडी आली, पण तिचा भिंतीवर बसवायचा चार्जर कितीतरी दिवस टीव्हीखाली खोक्यातच पडून होता. पाहुणे विचारायचे, "नवा मिक्सर का?" मी म्हणायचे, "नाही, चार्जर आहे. घरात वायरीवरून भांडण चालू आहे." त्यांना वाटायचं मी थट्टा करतेय.

भांडण माझं आणि पप्पांचं. पप्पा पिंपरीतल्या एका कंपनीत मेंटेनन्सला होते. सगळी नोकरी मोटारी आणि पॅनेल दुरुस्त करण्यात गेली. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर संत तुकाराम नगरातलं दुसऱ्या मजल्यावरचं, बिनलिफ्टचं घर त्यांना झेपेना, म्हणून मी त्यांना ताथवड्याला आमच्या फ्लॅटवर घेऊन आले. येताना त्यांनी थोडे कपडे, औषधांची पिशवी आणि वायरीचं एक भलंमोठं बंडल आणलं. लिफ्टमध्ये आधी बंडल चढलं, आम्ही दुसऱ्या फेरीला.

ते बंडल म्हणजे आमच्या वसाहतीतल्या जयंतीची लायटिंग. दर एप्रिलला विहारापासून कोपऱ्यावरच्या कमानीपर्यंत निळे दिवे लागायचे, ते याच वायरीवर, आणि ते काम पप्पांचं. ही वायर त्यांनी कधी कापू दिली नाही. उरलेली गुंडाळून खांबाला टांगायची, पण पक्कड लावायची नाही, हा नियम. पुढच्या वर्षी कमान आणखी लांब उभारली तर? आणि जोड दिलेली वायर म्हणजे त्यांच्या मते नवरदेवाला ठिगळाचा सदरा. आता वसाहतीतली पोरं लायटिंग डेकोरेटरला देतात, तरी बंडल पप्पांजवळच.

खरं सांगायचं तर मला ते बंडल डोळ्यांसमोर नको होतं. पप्पा आमच्याकडे कायमचे राहावेत, एवढीच माझी इच्छा होती. तिथे परत जाऊन ते त्या जिन्यावर पडले तर, या विचाराने चाकणला कंपनीत माझं कामात लक्ष लागायचं नाही. आणि पप्पा मात्र भेटेल त्याला सांगायचे, "गुडघा बरा झाला की निघालो."

चार्जर बसवायला आलेल्या माणसाने पार्किंग बघून मान हलवली. बिल्डरने मीटर रूम बिल्डिंगच्या एका टोकाला आणि आमची गाडीची जागा दुसऱ्या टोकाला ठेवलेली, जणू दोघींचं सासू-सुनेसारखं जमतच नव्हतं. "एवढ्या अंतराची केबल तुम्ही टाकून घ्या, मग मला बोलवा," म्हणून तो गेला. माझ्या नवऱ्याने मोबाइलवर व्हिडिओ बघून जाहीर केलं की सहा स्क्वेअर जाडीची तांब्याची केबल पुरते.

"अंतर मोजलं का?" पप्पांनी विचारलं.

त्याने मोजलं नव्हतं. मग पप्पांनी मला समजावलं, "चाकणला शिफ्ट सुटली की काय होतं? रस्ता अरुंद, गाड्या ढीगभर. सगळी तापतात, पुढं मात्र कुणीच सरकत न्हाई. वायरीचं बी तसंच हाय. गिझर थोड्या वेळात बंद होतो, पण हा चार्जर तासन् तास वीज ओढणार. त्यात एवढा लांबचा पल्ला. दहा स्क्वेअर घ्या. वरनं लोखंडी तारांचं कवच असलेली घ्या, पार्किंगात उंदरं हायत."

सुटलो एकदाचे, असं मला वाटलं. रविवारी त्यांना भोसरीला केबलच्या दुकानात घेऊन गेले. तिथे त्यांनी नमुन्याचा प्रत्येक तुकडा सोलला, नखाने तांबं खरवडलं, वास घेतला. एकाचं तांबं काळवंडलेलं, दुसऱ्याचं आवरण कडक, तिसऱ्यावर छापलेली अक्षरंच पुसट. दुकानदार शेवटी वैतागला, "काका, केबल घेताय का सून बघताय?" आम्ही हात हलवत परत आलो. गाडीत पप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "घाई काय हाय? तोवर आपली वायर हाय की."

गाडीसोबत एक छोटा, हळू चालणारा चार्जरही मिळाला होता. त्याला पप्पांची वायर पुरण्यासारखी होती. त्यांनी वेगळा स्विच, अर्थिंग, सगळं नीट करून ती पार्किंगपर्यंत ओढली. तरी अर्ध्याहून जास्त बंडल उरलं. ते त्यांनी आमच्या खांबाला खुंटीवर टांगलं, अगदी जयंतीसारखं.

"जास्तीची कापून टाका ना," मी म्हटलं.

"कापायची न्हाई. एप्रिलला परत न्यायची हाय."

म्हणजे एप्रिलला वायरीबरोबर तेही जाणार. माझं डोकंच फिरलं.

थंडी पडली. एका सकाळी मी ऑफिसला निघाले, पप्पा सोडायला खाली आले, तर वॉचमन हसत म्हणाला, "काका, तुमच्या वायरीवर मांजर झोपायलंय बघा. रोजचंच हाय त्याचं."

खरंच, सोसायटीचं भुरं मांजर बंडलाच्या वेटोळ्यात अंग मुडपून पडलं होतं. मला कौतुक वाटलं. पप्पांचा चेहरा मात्र उतरला. त्यांनी आधी चार्जर बंद केला, मांजर उचलून खाली ठेवलं आणि वेटोळ्यांमध्ये हात घातला. बंडल आतून चांगलंच तापलं होतं. उघड्यावर सरळ टाकलेली वायर निवते, पण गुंडाळलेल्या वायरीची वेटोळी एकमेकांना तापवत राहतात. कंपनीत याच गोष्टीवरून पप्पा लोकांवर ओरडायचे. पण जयंतीच्या दिव्यांनी कधी एवढी वीज ओढलीच नव्हती, त्यामुळे टांगलेलं बंडल कधी तापलं नव्हतं. त्यांच्या मनात ते अजून जयंतीच्या खांबावरचं बंडलच होतं.

"आता तरी कापा!" मी म्हटलं.

"कापली तर तिकडं काय लावू?"

मग माझा तोल गेला. "तिकडं, तिकडं! तुम्हाला इथे राहायचंच नाही, असं एकदा सरळ सांगून टाका. वायरीच्या नावाने कशाला?"

वॉचमन हळूच गेटकडे सटकला. पप्पा वायर सोडवून गुंडाळू लागले, मांजर त्यांच्या पायाशी तक्रार करत राहिलं. गुंडाळता गुंडाळताच ते म्हणाले, "रागावू नको. तिकडं मला काहीतरी काम असतंय, एवढंच. इथं नुसता बसून खातो."

मला रडू आलं. रडता रडताच मी म्हटलं, "काम नाही? टीव्हीखालचं खोकं बघा की. कधीचं तुमची वाट बघतंय."

पुढच्या रविवारी त्याच दुकानात त्यांनी पहिलीच दाखवलेली केबल पास केली. दुकानदार बिचारा बिल करताना आमच्याकडे संशयाने बघत होता. जोडणी लायसनवाल्या वायरमनने केली. पप्पा प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून वळणं फार आवळू नका, क्लिपा जवळ मारा, असं सांगत राहिले. शेवटी केबल जेवढी हवी तेवढीच ठेवायची होती. पक्कड त्यांनी वायरमनकडून मागून घेतली आणि स्वतः कापली.

एप्रिलला बंडल डिकीत टाकून आम्ही वसाहतीत गेलो. दिवे डेकोरेटरचेच होते, पण पुस्तकांच्या स्टॉलपर्यंत त्याची वायर पोचत नव्हती. पप्पांची पोचली, न कापता, न जोडता. रात्रीपर्यंत जुन्या मित्रांच्या घोळक्यात ते असे रमले की मी मनाशी हिशोब लावून टाकला. जवळ जाऊन, आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, "राहायचं का इथेच?"

ते चालत येऊन गाडीत बसले. डिकी रिकामीच होती.

"बंडल?"

"विहारात ठेवलं. पोरांच्या ताब्यात दिलं. कापू नका म्हणून बजावलंय." त्यांनी पट्टा लावला. "चल लवकर. बॅटरी उतरली असंल, घरी जाऊन गाडी चार्जिंगला लावायची हाय मला."

बॅटरी जवळजवळ भरलेली होती. मी गाडी ताथवड्याकडे वळवली.