केविसेला दिलेली ऑर्डर

सैनिकाचा चेहरा कुणी बघत नाही, वर्दी बघतात. दर पंधरा ऑगस्टला मी शाळेत हे सांगतो आणि मुले टाळ्या वाजवतात. वर्दी उतरवल्यावर काय बघतात, ते सांगायला वेळ उरत नाही. पुढे चॉकलेटवाटप असते.

हवालदार केविसे नागालँडचा, आमच्या कंपनीचा नर्सिंग असिस्टंट. पोस्टिंग काश्मीर. मी सुभेदार. रोज पहाटे रस्ता तपासायचा, संध्याकाळी परत यायचे. एका सकाळी नाल्यात फायर आला आणि आमच्या गावचा मारुती पडला. मी वायरलेस सेटवर विचारले, ‘कॅज्युअल्टी कशी आहे? ओव्हर.’ केविसे म्हणाला, ‘श्वास आहे. आणतोय. आउट.’ तो मारुतीला पाठीवर घेऊन उतार उतरला. खाली पोचेपर्यंत श्वास राहिला नव्हता.

निवृत्तीनंतर केविसे मारुतीच्या पुण्यतिथीला दरवर्षी येऊ लागला. गेल्या वर्षी तो पुण्याहून ट्रॅव्हल्सने येत होता. शेजारच्या प्रवाशाने तक्रार केली की हा चिनी इथे नको. क्लीनरने पासपोर्ट मागितला. केविसेने माजी सैनिकाचे कार्ड दाखवले. ते खोटे ठरवून त्याला आमच्या गावाच्या अलीकडे, निपाणीलाच उतरवले. पुढे तो ट्रकने आला, हातपाय धुऊन पंगतीला बसला. जेवण झाल्यावर त्याने घडले ते सांगितले. दुसऱ्या दिवशी आम्ही बेळगावात वकील गाठला. केविसेची मागणी एकच होती: चेहऱ्यावरून उतरवले, हे ट्रॅव्हल्सच्या मालकाने लेखी कबूल करावे.

ग्राहक आयोगात केस आमच्या बाजूने चालली होती. तेव्हा मालकाने गावाकडे निरोप धाडला. केस मागे घ्या, हायवेवर तुमच्या फाट्याला मारुतीच्या नावाने बसथांबा बांधून देतो. गावाने मारुतीच्या वडिलांना, आप्पांना पुढे केले, आणि केविसेला ते हिंदीत सांगायला मला.

‘सांग रं त्येला,’ आप्पा म्हणाले. ‘माझ्या पोराचं नाव कुठंच न्हाय. एवढं तरी ऱ्हाईल.’

मी सांगितले. केविसेने सगळे ऐकून घेतले.

‘साब, ही ऑर्डर आहे?’

‘नाही. विनंती.’

‘मग ऑर्डर द्या. विनंती मी मान्य करणार नाही.’

मी आप्पांकडे बघितले. मग ऑर्डर दिली. त्याने ‘जी साब’ म्हणून केस मागे घेण्याच्या कागदावर सही केली.

उद्घाटनाला हार, बँड आणि भाषणे झाली. एका वक्त्याने मारुतीला कारगिलमध्ये पाडले. कुणी दुरुस्त केले नाही. यंदाच्या पुण्यतिथीला केविसे आला नाही. थांब्यावर मारुतीचे नाव आहे, खाली ट्रॅव्हल्सचे, थोड्या मोठ्या अक्षरात. त्यांची बस निपाणी सोडली की थेट बेळगावला थांबते.