मिसळलेला कचरा

"पहले इनपे थोड़ा सेंट मार दो, फिर फोटो लेना."

बाई माझ्यासमोरच उभ्या होत्या. बोलल्या मात्र दुसरीकडे बघून. एका पोरीने माझ्या साडीवर फुसफुस सेंट मारलं. मी हात वर केले. कुणी सांगितलं नव्हतं, तरी केले. त्याची लाज अजून जात नाही.

झाशीत इलाइट चौराह्याजवळच्या हॉटेलात पर्यावरणाचा कार्यक्रम होता. मी प्रेम नगरात घरोघरचा कचरा उचलते, ओला-सुका निवडते. म्हणून माझा सत्कार. बाई संस्थेच्या अध्यक्ष.

त्यांनी नाव विचारलं. मी आडनावासकट सांगितलं. त्या एकदम मराठीत आल्या, आवाज खाली.

"अगं, तू आपल्यातली?"

"हो ताई. माहेर खंडेराव गेटचं."

"मग आडनाव नको हं घेऊस. झाशीत आपली घरं ती किती! लोक काय म्हणतील?"

आमचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर इथे आले, हे मी लहानपणापासून ऐकत आलेली. तरी मान हलवली. चोरी केल्यासारखी. नुसत्या नावाने मला पुकारलं. शाल घेतली, खाली बघत उतरले.

मग बाईंचं भाषण. कागदाचा पुन्हा कागद झाला की झाडं वाचतात. प्लास्टिक कारखान्यात गेलं की नाल्यात तुंबत नाही, गाईच्या पोटात जात नाही. ओल्याचं खत होतं. सगळं खरं. टाळ्या पडल्या.

जेवणं झाली. मागच्या दाराशी पोती. भाजी, रस्सा, कागदी ताटं, बाटल्या, सगळं एकात.

बाई म्हणाल्या, "जाता जाता एवढं ने. निवडशील तू."

रश्श्यात भिजलेला कागद कुणी घेत नाही. तो शहराबाहेरच्या ढिगावर जातो, तिथे जळतो. त्या धुरात माझी बहीण राहते. तिची तान्ही रात्रंदिवस खोकते.

मी हिंदीत बोलले, सगळ्यांना कळावं म्हणून.

"अलग करके दीजिए, तब उठेगा. मिला हुआ हम नहीं उठाएँगे."

मॅनेजर धावत आला. "ठेकेदार को बताता हूँ. नाम क्या है तुम्हारा?"

मी पुरं नाव सांगितलं. आडनावासकट, मोठ्याने. बाई आत निघून गेल्या.

ठेकेदाराने माझी गल्ली काढून घेतली. आता लांबची वस्ती दिली आहे. तिथेही मिसळलेली बादली दिसली की मी ती उंबऱ्यावर तशीच ठेवते. शिव्या पडतात. पडू देत. तुमचं उष्टं तुमच्या हातांनी वेगळं करा. मी करणार नाही.